जुन्या रूपातली नवी गिटार: पारख, वादन आणि सेटअप

रंग उडालेला, कडा झिजलेल्या, पेच गंजलेले, आणि तरीही कारखान्यातून गेल्याच महिन्यात बाहेर पडलेली. अशा गिटारला बाजारात ‘रेलिक’ म्हणतात. फेंडर या गिटार कंपनीच्या कस्टम शॉपने १९९५च्या नॅम या वाद्य-व्यवसायाच्या प्रदर्शनात ही कल्पना मांडली. सुरुवातीच्या वर्षांत बॉडी आणि नेक जुने करण्याचं काम मिसुरी राज्यात विन्स क्युनेटो यांच्याकडे होतं. पुढे २००९मध्ये फेंडरने मेक्सिकोत बनणारी, त्या मानाने स्वस्त ‘रोड वॉर्न’ मालिका आणली. त्यात गिटार होत्या तसे प्रिसिजन आणि जॅझ या नावांचे बेस गिटारही होते. २०२१मध्ये गिब्सन या दुसऱ्या कंपनीने गिटार जुन्या करणारे कारागीर टॉम मर्फी यांच्या नावाने ‘मर्फी लॅब’ सुरू केली. आता लहानमोठे कितीतरी कारागीर हेच काम करतात.

अशी गिटार पारखताना बहुतेकांची गल्लत एकाच ठिकाणी होते. तिच्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि किंमत मात्र एकच लागते. पहिली गोष्ट म्हणजे दिसणारा जुनेपणा: ओरखडे, तडे, गंज. दुसरी म्हणजे जुनी मापं: गोलसर फिंगरबोर्ड, त्यावरचे बारीक फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या), टाचेशी, म्हणजे नेकच्या बॉडीकडच्या टोकाशी, आवळायचा ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारा आतला दांडा), तीन सॅडलचा (तार टेकणाऱ्या तुकड्यांचा) ब्रिज. तिसरी म्हणजे हाताला लागणारा जुनेपणा: नेकच्या गोल केलेल्या कडा आणि मागची गुळगुळीत, न चिकटणारी पाठ. पैसे मोजण्यासारखी आहे ती तिसरी. पहिली डोळ्यांसाठी असते, तर दुसरी आवडते किंवा आवडत नाही. ‘रेलिक गिटारवर मींड घेतली की सूर मरतो’ ही तक्रार रेलिकबद्दल नसतेच, ती १९५०च्या मापांबद्दल असते.

सोबत काय न्यायचं

मिलिमीटरची बारीक पट्टी, फीलर गेजचा संच (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), क्लिप ट्यूनर, मोबाइलचा टॉर्च, १.२७ मिमीची अ‍ॅलन की (फेंडरच्या जुन्या पद्धतीच्या सॅडलना बहुधा हीच लागते), साधा मल्टिमीटर आणि एक केबल. दुकानदार सहसा हरकत घेत नाही. घेतली तर तेही काही सांगून जातं.

आधी अँपशिवाय

पहिली दहा मिनिटं केबल लावू नका. गिटार सुरात लावा आणि मोकळ्या तारा जोरात छेडा. मग प्रत्येक तारेवर पहिल्या फ्रेटपासून शेवटपर्यंत एकेक स्वर सारख्याच जोराने वाजवत जा. दोन गोष्टी ऐकायच्या: कुठे फ्रेटवर तार घासून खरखरते, आणि कुठे स्वर इतरांपेक्षा लवकर विझतो. तंबोऱ्यात जवारी मुद्दाम लावतात. इथे तशी झिरझिर एकाच जागी ऐकू आली तर तिथला एखादा फ्रेट उंच आहे किंवा खोबणीतून सुटलेला आहे. सुटलेला फ्रेट बोटाने दाबला की खरखर थांबते. उंच असेल तर दाबून फरक पडत नाही.

वजन करा. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर किंवा टेलिकास्टर ३.२ ते ३.६ किलो असली तर उत्तम, गिब्सनची लेस पॉल ४ किलोच्या आसपास चालते. हलकं लाकूड म्हणजे चांगला आवाज असं काही नसतं, पण तीन तास उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला तो अर्धा किलो कळतो.

नेक

इथे जास्तीत जास्त वेळ घालवा. डोळे मिटून हात पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत सरकवा. चांगल्या जुनवटलेल्या नेकची पाठ रेशमी लागते. ती चिकटत नाही आणि खरखरीतही लागत नाही. फिंगरबोर्डच्या दोन्ही कडा किंचित गोल असायला हव्यात. हे काम हाताने करावं लागतं आणि घाईत बनलेल्या गिटारवर तेच सुटतं: पाठीवरचा रंग मशीनने घासून काढलेला असतो, पण कडा कारखान्यातून आल्या तशाच धारदार राहतात. तळहाताला टोचणारी कड असेल तर ते जुनेपण फक्त फोटोपुरतं आहे.

घासलेला भाग आणि लॅकर असलेला भाग जिथे मिळतात ती सीमा नखाने तपासा. तिथे पायरी लागली तर वाजवताना अंगठा प्रत्येक वेळी अडखळेल. सीमा विरत गेलेली हवी.

मग सरळपणा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटवर तार नि फ्रेट यांतली फट फीलर गेजने मोजा. ७.२५ इंची गोलाईच्या (फिंगरबोर्डच्या वक्राच्या त्रिज्येच्या) गिटारवर ती ०.३ मिमीच्या आसपास असावी, बेसवर ०.३५. फट अजिबात नसेल तर नेक मागे वाकलेला आहे. ०.५ च्या वर गेली तर पुढे ओढला गेला आहे.

जुन्या मापांच्या नेकमध्ये ट्रस रॉडचा नट बॉडीकडच्या टोकाला असतो. म्हणजे तो फिरवायला नेकच काढावा लागतो. त्यामुळे ‘नंतर थोडा आवळून घ्या, सरळ होईल’ हे विक्रेत्याचं वाक्य स्वस्त नाही. फट चुकीची असेल तर पैसे देण्याआधी त्यालाच ती दुरुस्त करायला सांगा. नट फिरतो की जाम आहे हेही त्यातच कळतं.

दुसरा नट म्हणजे फिंगरबोर्डच्या हेडस्टॉककडच्या टोकाची, तारा ज्यावरून जातात ती पट्टी. त्या नटच्या खाचा तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर फट पाहा. कागदाच्या जाडीएवढी फट असावी. तार टेकली असेल तर मोकळी तार झिरझिरेल. फट मोठी असेल तर पहिल्या तीन फ्रेटवरचे कॉर्ड बेसूर होतील, कारण तार दाबताना ती जास्त ताणली जाते.

फ्रेट आणि मींड

जुन्या पद्धतीचे फ्रेट बारीक आणि ठेंगणे असतात, नवे असतानाच उंची साधारण १ मिमी. ‘६१०५’ या मापाचे फ्रेट रुंदीला अरुंदच असतात, पण उंची १.४ मिमीच्या घरात. रोड वॉर्नसारख्या गिटारवर हेच उंच फ्रेट आलेले दिसतात. पुढे घासून समतल करायला त्यात जागा उरते. ठेंगण्या फ्रेटची एकदा घासणी झाली की दुसऱ्यांदा फ्रेट बदलण्याचाच खर्च येतो. सेकंडहँड घेताना हे विसरू नका. मालकाने वाजवून केलेली झीज कारखान्यात केलेल्या झिजेमागे छान लपते. कारखान्यात बहुधा रंग झिजवतात, फ्रेट नव्हे. फ्रेटवर तारांखाली खोल चऱ्या असतील तर त्या खऱ्या आहेत.

आता मींड. ७.२५ इंची गोलाईचा फिंगरबोर्ड मधे उंच आणि कडांना उतरता असतो. बारीक ई किंवा बी तार वर ढकलली की ती उतारावरून चढावर जाते आणि पुढच्या फ्रेटवर टेकते. टेकली की स्वर मरतो. चाचणी अशी घ्या:

१. आधी सतराव्या फ्रेटवर तारांची उंची मोजा. जाड ईकडे २ मिमी, बारीक ईकडे १.६ मिमी हे या गोलाईचं रास्त माप.

२. बी आणि बारीक ई या दोन्ही तारांवर दहाव्यापासून सतराव्या फ्रेटपर्यंत प्रत्येक ठिकाणी एक पूर्ण स्वर वर मींड घ्या आणि चार सेकंद धरून ठेवा.

३. उंची १.६ पेक्षा कमी असताना स्वर मेला तर दोष सेटअपचा आहे, गिटारचा नव्हे. २ मिमीवर नेऊनही मरत असेल तर वरचे फ्रेट उंच आहेत. त्यावर फ्रेट समतल करणं हाच उपाय.

बारीक अ‍ॅक्शन (तारांची कमी उंची) आणि मोठी मींड दोन्ही हवं असणाऱ्याने ९.५ इंची गोलाईची रेलिक शोधावी. तशाही बनतात. फक्त मग तिला १९५०ची म्हणू नये.

गंजलेला धातू

धातू जुना दिसावा म्हणून कारखान्यात त्यावर आम्लाची वाफ किंवा द्रावण वापरतात. वरचा थर खाल्ला गेला की खालचं पोलाद उघडं पडतं. तो गंज शोभेचा वाटला तरी पुढे वाढतच जातो. म्हणून प्रत्येक हलणारा भाग हलवून पाहा. सॅडलचा उंचीचा पेच पाव वळसा फिरवा आणि परत आणा. अ‍ॅलन की आत घसरत असेल तर पेचाचं भोक खाल्लं गेलं आहे. इंटोनेशनचा (सॅडल मागेपुढे करून सगळ्या फ्रेटवर सूर जुळवण्याचा) पेच फिरतो का, ट्यूनर दोन्ही दिशांना सारखे फिरतात का, ट्रेमोलोचा (ब्रिज हलवून सूर वरखाली करणाऱ्या यंत्रणेचा) दांडा भोकात सैल आहे का, हे पाहा. सॅडलवर जिथे तार टेकते तिथे बोट फिरवा. खरखर लागली तर तारा तिथेच तुटतील, बहुधा बारीक ई. दोन हजार नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने ती जागा गुळगुळीत होते, फार काही करावं लागत नाही.

क्लूसन म्हणतात त्या जुन्या पद्धतीच्या, उभ्या खाचेच्या ट्यूनरवर तार वेगळ्या रीतीने बसते आणि इथे नवशिक्यांचा सूर हमखास उतरतो. तार आपल्या ट्यूनरपासून पुढे साधारण दीड ट्यूनरच्या अंतरापर्यंत मोजायची आणि तिथे काटकोनात दुमडून कापायची. टोक खुंटीच्या मधल्या भोकात उभं घालायचं आणि खाचेतून वळवून वरून खाली दोन-तीन वेढे द्यायचे. दुमडण्याआधी कापली तर गुंडाळलेल्या तारेचं आवरण उलगडतं, आणि कमी लांबीची कापली तर एकच वेढा बसतो आणि तार घसरते.

बेससाठी वेगळं

प्रिसिजन बेस १९५१चा, त्याचा दोन भागांतला पिकअप (तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) १९५७पासूनचा, जॅझ बेस १९६०चा. रेलिक बेस बहुधा याच वर्षांची नक्कल असतात. नटची रुंदी आधी पाहा. जॅझवर ती साधारण ३८ मिमी असते, जुन्या मापाच्या प्रिसिजनवर ४४ मिमीच्या पुढे. लहान हाताला हा फरक रंगापेक्षा फार महत्त्वाचा आहे.

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपासचा स्वर अनेक फेंडर पद्धतीच्या बेसवर लवकर विझतो. तिथे नेकची स्वतःची कंपनं तारेची ऊर्जा खातात. तिथले स्वर लांब धरून पाहा आणि शेजाऱ्यांशी ताडा. थोडा फरक चालतो. स्वर अर्ध्याहून कमी टिकत असेल तर दुसरा बेस वाजवा. हेडस्टॉकवर वजनदार क्लिप लावली की मृत जागा सरकते, पण नाहीशी होत नाही.

पट्ट्याला अडकवून हात सोडा. हलकी बॉडी आणि जड जुन्या पद्धतीचे ट्यूनर असले की हेडस्टॉक जमिनीकडे झुकतो. डावा हात नेक उचलण्यात गुंतला की वाजवणार काय? काही जुन्या पद्धतीच्या बेसचे ट्यूनर उलटे फिरतात, तो दोष नाही, सवय लागते.

ब्रिजवरचे आट्यांचे सॅडल छान दिसतात, पण जोरात वाजवल्यावर तार एका आट्यातून दुसऱ्यात उडी मारते. दणकून वाजवून खात्री करा. चपट्या आवरणाच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा लावल्या तर हा त्रास कमी होतो आणि प्रिसिजनचा जुना, गोल, बुटका आवाजही त्यातूनच येतो. प्रसिद्ध बेसवादक जेम्स जॅमरसन यांच्या १९६२च्या प्रिसिजनवर अशाच तारा होत्या. मात्र त्यांचा ताण जास्त असतो. लावल्यावर दोन दिवसांनी नेकची फट पुन्हा मोजा.

अँपला लावून

अँप स्वच्छ ठेवा, सगळे नॉब मध्यावर, रिव्हर्ब बंद. डिस्टॉर्शनमध्ये सगळ्या गिटार बऱ्या वाटतात.

सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा) पिकअप गुणगुणतो, तो त्याचा स्वभाव आहे. गुणगुण फार असेल तर खोलीतला पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर बंद करून पाहा. बराचसा आवाज बहुधा तिथूनच आलेला असतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर जोडणी ठीक आहे. हात लावताच वाढली तर आतली अर्थची तार सुटलेली असण्याची शक्यता जास्त. आणि झिणझिण्या आल्या तर ताबडतोब बाजूला व्हा. दोष बहुधा इमारतीच्या अर्थिंगचा किंवा अँपचा असतो, पण तो शोधेपर्यंत वाजवायचं नाही.

जुन्या स्ट्रॅटला (स्ट्रॅटोकास्टरला) पिकअप निवडायला तीन जागांचा स्विच असे, पाच जागांचा १९७७मध्ये आला. नक्कल गिटारवर बहुधा पाचच असतात. दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर गुणगुण थांबते का ते ऐका. थांबली तर मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आहे. थांबली नाही तर तो जुन्या पद्धतीचा आहे. यात चूक-बरोबर काही नाही.

मग पिकअपच्या आवरणावर नखाने टकटक करा. मायक्रोफोनसारखा आवाज आला तर गुंडाळीत मेण नीट भरलेलं नाही. हलक्या आवाजात त्याने हवेशीरपणा येतो, मोठ्या गेनवर मात्र किंचाळी फुटते. तुम्ही काय वाजवता त्यावर ठरवा.

मल्टिमीटरने केबलच्या टोकाशी रोध मोजता येतो. व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा, स्विच एकाच पिकअपवर ठेवा. स्ट्रॅटच्या पिकअपचा रोध साधारण ५.५ ते ६.५ किलोओम, जॅझ बेसचा ७ ते ७.५, प्रिसिजनचा १० ते ११, जुन्या पद्धतीच्या हंबकरचा (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपचा) ७.५ ते ८.५. आकडा छापलेल्या मापापेक्षा थोडा वेगळा आला म्हणून भांडू नका. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना ६ किलोओम असलेला पिकअप मे महिन्याच्या ३२ अंशांत ६.३च्या जवळ जातो, आणि २५० किलोओमचा व्हॉल्यूम पॉट (नॉबखालचा बदलता रोध) समांतर जोडलेला असल्याने केबलच्या टोकाशी तो पुन्हा ६.१ दिसतो. शून्य किंवा अनंत दिसलं तर मात्र गडबड आहे.

तडे, ओरखडे आणि खरी भेग

नायट्रोसेल्युलोज लॅकर वर्षानुवर्षं कोरडं आणि ठिसूळ होतं. लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, लॅकरला ते झेपत नाही आणि बारीक तडे जातात. कारखान्यात हेच थंड-गरम करून घडवतात. असे तडे वेडेवाकडे असतात आणि एकमेकांना छेदत नाहीसे होतात. ब्लेडने ओढलेले तडे सरळ, जवळजवळ समांतर, आणि धातूच्या भागांपाशी अचानक थांबतात. दिसायला कोणते चांगले हा आवडीचा भाग आहे. खोटे तडे म्हणून आवाजात फरक पडत नाही.

झीज कुठे आहे ते पाहा. वाजवणाऱ्याची कोपरापुढची बाजू बॉडीच्या वरच्या कडेला घासते, पोटाशी पट्ट्याचं बक्कल घासतं, पहिल्या पाच फ्रेटमागे अंगठा फिरतो, मेपलच्या फिंगरबोर्डवर बोटांच्या जागी काळे ठिपके पडतात. बेसवर पिकअपच्या वरच्या बाजूला अंगठा टेकतो. या जागा सोडून भलतीकडे रंग उडाला असेल आणि सगळे ओरखडे एकाच आकाराचे, एकाच कोनात असतील, तर ते किल्ल्यांचा जुडगा आपटून केलेलं घाईचं काम आहे. उघडं पडलेलं लाकूडही बोलतं. खरं जुनं लाकूड घाम-धुळीने करडं-तपकिरी होतं आणि रंगाच्या कडा तुटक राहतात. घासून काढलेल्या रंगाच्या कडा मऊ, पसरट दिसतात.

इथे एक धोका आहे आणि तो बहुतेक खरेदीदारांच्या नजरेतून सुटतो: शंभर खोट्या तड्यांत एखादी खरी भेग लपू शकते. लेस पॉलसारख्या गिटारचा हेडस्टॉक १७ अंशांनी मागे झुकलेला असतो आणि नटमागचं लाकूड तिथे कमजोर असतं. पडली की तिथेच तुटते. टॉर्च जवळजवळ समांतर धरून नटच्या मागची बाजू आणि दोन्ही कडा पाहा. लॅकरचा तडा फक्त वरच्या थरात असतो, कडेवर वळताना बहुधा विरतो. लाकडाची भेग कडेवरूनही सलग जाते, रेषेच्या दोन बाजूंना उंचीत फरक लागतो आणि हेडस्टॉकवर हलका दाब दिला की ती किंचित उघडते. फेंडर पद्धतीच्या गिटारवर नेक बसण्याच्या खोबणीच्या कोपऱ्यात लॅकरला तडा दिसणं मात्र नेहमीचंच, त्याची काळजी नको.

रेलिक ‘विंटेज’ म्हणून विकली जात असेल तर

गिटार १९६०च्या दशकातली आहे असा दावा असेल तर किमतीत प्रचंड फरक पडतो, म्हणून आत पाहिल्याशिवाय बोलणी करू नका. पिकगार्ड उघडून पॉटच्या पाठीवरचा आकडा वाचा. पहिले तीन अंक बनवणाऱ्याचे, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस. पुढे वर्ष आणि आठवडा. ३०४-६२१८ म्हणजे १९६२चा अठरावा आठवडा. पॉट गिटारपेक्षा जुना असू शकतो. नवा असेल तर एक तर पॉट बदललेला आहे किंवा गिटारच नंतरची. टाके मूळचे वाटतात का, तारांवर कापडाचं आवरण आहे का, नेकच्या टाचेवर तारीख आहे का, हे सगळं एकमेकांशी जुळायला हवं. कस्टम शॉपच्या गिटारच्या हेडस्टॉकमागे बहुधा त्यांचं चिन्ह असतं. ते घासून काढलेलं दिसलं तर तिथूनच परत फिरा.

फिंगरबोर्डवर शिसवी असेल तर तिचाही थोडा इतिहास. फेंडरने १९६०च्या दशकात ब्राझिलियन रोजवुडकडून भारतीय शिसवीकडे वळण घेतलं, तीच आपल्या पश्चिम घाटात वाढणारी. ब्राझिलियन जात १९९२पासून सायटीस या धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. तसं लाकूड असल्याचा दावा असेल आणि गिटार परदेशातून आणायची असेल तर कागदपत्रांशिवाय हात लावू नका. भारतीय शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९पासून त्या परवान्यांतून सूट आहे.

घरी आणल्यावर: सेटअपचा क्रम

क्रम बदलला तर काम दुप्पट होतं. आधी ज्या जाडीच्या तारा कायम लावणार त्या लावा, मग नेक, मग उंची, मग इंटोनेशन, शेवटी पिकअप.

नेक काढायचा असेल तर तारा सैल करा, पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा म्हणजे त्या ट्यूनरवरून सुटणार नाहीत. चारही पेच काढा, नेक उचला आणि ट्रस रॉडचा नट एक अष्टमांश वळसाच फिरवा. नटकडे पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरवला की फट कमी होते. परत बसवताना प्रत्येक पेच आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात पडल्याचा ‘टक’ जाणवला की मगच आवळा. थेट आवळला तर लाकडात नवी आटी कापली जाते आणि चार-पाच वेळांनंतर पेच धरतच नाही. सुरात लावून पुन्हा मोजा. दोन-तीन फेऱ्या होतील असं धरूनच बसा.

जुन्या पद्धतीचा सहा पेचांचा ट्रेमोलो तरंगता ठेवायचा असेल तर ब्रिजची मागची कड बॉडीपासून ३ मिमीच्या आसपास उचललेली असावी. तीन स्प्रिंग पुरतात. स्प्रिंग अडकवलेल्या मागच्या पंजाचे दोन्ही पेच सारखे फिरवा, दर वेळी सुरात लावून पाहा. बाहेरचे दोन पेच ब्रिजला धरून ठेवतात, मधले चार अर्धा वळसा सैल असले तर दांडा मोकळा फिरतो. दांडा तीनदा पूर्ण दाबून सोडा. सूर वर गेला तर तार नटमध्ये अडकते आहे. खाचेत पेन्सिलचं शिसं घासा.

टेलिकास्टरच्या तीन सॅडलवर दोन-दोन तारा एकाच सॅडलवर असतात, त्यामुळे सगळ्या तंतोतंत सुरात येत नाहीत. बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. डी आणि जी या जोडीत जी चढा राहतो, तेव्हा चूक दोघांत वाटून द्या: जी दोन सेंट (अर्ध्या स्वराचे शंभरावे भाग) चढा, डी दोन सेंट उतरता. एवढंही खटकत असेल तर तिरके कापलेले सॅडल मिळतात.

पिकअपची उंची शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजा: जाड बाजूला २.४ मिमी, बारीक बाजूला २ मिमी. याहून जवळ नेले तर चुंबक तारेला ओढतात आणि वरच्या फ्रेटवर जाड तारांचे स्वर डोलतात, बेसूर ऐकू येतात. इंटोनेशन जुळता जुळत नसेल तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. बेसवर ३ मिमीपासून सुरुवात करा.

पावसाळा

मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता सहज ८०-९० टक्के असते. उघड्या लाकडाची पाठ आणि खाल्लेला धातू असलेल्या गिटारला याचा त्रास पॉलियुरेथेनच्या जाड कवचातल्या गिटारपेक्षा लवकर होतो. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राहील असं पाहा, आणि पुड्या रंग बदलल्यावर तापवून कोरड्या करा. गंजलेल्या पेचांना शिलाई मशीनचं तेल टूथपिकच्या टोकाने एक थेंब. फवारा नको, तो पिकअपमध्ये जातो.

नायट्रो लॅकर रबर आणि रेक्झिनशी जमवून घेत नाही. स्टँडचा रबरी भाग किंवा रेक्झिनचा पट्टा महिनाभर टेकला की तिथे रंग मऊ होऊन चिकटतो. मध्ये सुती पंचा घाला. डीटयुक्त डासप्रतिबंधक क्रीम लावलेला हात आणि सॅनिटायझर लावून न सुकलेला हात, दोन्ही या लॅकरला विरघळवतात. ओपन एअर कार्यक्रमात हे नेमकं घडतं.

नेकची पाठ उघडी असेल तर तिला टंग ऑइलचे दोन पातळ हात पुरतात. प्रत्येक हात लावून दहा मिनिटांनी जादा तेल पुसून काढा, चोवीस तास सुकू द्या. हे काम नोव्हेंबरात करा, जुलैत नको, कारण फुगलेल्या ओल्या लाकडात तेल नीट सुकत नाही. खोबरेल कधीच नाही, ते खवट होतं आणि चिकट राहतं. दोन हातांच्या मध्ये घासायला ०००० नंबरचं स्टील वूल वापरत असाल तर आधी पिकअपवर कागदी चिकटपट्टी लावा. त्यातले लोखंडी कण चुंबकाला चिकटले की महिनोन्‌महिने निघत नाहीत.